सहल : पायी, पाण्यावरून की रस्त्याने?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की शाळेच्या शिक्षकखोलीत, कचेरीत आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते : ‘यंदा जावयाचे कोठे?’ ठिकाण ठरते, दिवस ठरतात, वर्गणीही ठरते. जावयाचे कसे, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत मागे राहतो आणि ‘गाडी कोणाची मिळते’ एवढ्यावर सुटतो. वास्तविक सहलीचे बरेवाईट ठिकाणापेक्षा प्रवासाच्या प्रकारावर अधिक अवलंबून असते. एकाच गावी पायी गेलेला मनुष्य, होडीतून उतरलेला मनुष्य आणि मोटारीतून आलेला मनुष्य हे तिघे तीन वेगवेगळी गावे पाहून परत येतात. त्यांचा खर्च निराळ्या ठिकाणी होतो, त्यांना होणारे श्रम आणि संभवणारे धोके निराळे असतात; आणि ज्या गावी ते जातात त्या गावाच्या पदरात पडणारे दानही निराळे असते. म्हणून पदभ्रमण, जलप्रवास आणि मोटारप्रवास या तिन्ही प्रकारांचे गुणदोष समजून घेऊन निवड करणे अगत्याचे आहे.

बारा किल्ले, तीन वाटा

या निवडीचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या किल्ल्यांनीच घालून दिले आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. बारावा जिंजीचा किल्ला तामिळनाडूत असून छत्रपती राजाराम महाराजांनी १६८९ नंतर जेथून मोगलांशी झुंज दिली तो हाच.

या बारा किल्ल्यांत डोंगरी किल्ले आहेत, किनाऱ्यावरचा किल्ला आहे आणि चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेली बेटेही आहेत. साल्हेर व राजगड पायी चढल्यावाचून दिसत नाहीत. खांदेरीसाठी थळहून, सुवर्णदुर्गासाठी हर्णैहून आणि सिंधुदुर्गासाठी मालवणहून होडीत बसावेच लागते. पन्हाळ्यावर मोटार थेट गडावरील वस्तीपर्यंत जाते, तर विजयदुर्गाच्या वेशीपर्यंत रस्ता पोहोचला आहे. रायगडाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. तेथे हजाराहून अधिक पायऱ्यांची वाट आहे आणि १९९६ पासून रज्जुमार्गही आहे. पायऱ्यांनी जाणाऱ्याला महादरवाजा लागतो व हा गड राजधानीसाठी का निवडला असावा हे पायांनाच कळते. रज्जुमार्गाने जाणारा काही मिनिटांत माथ्यावर पोहोचतो. महादरवाजा त्याच्या वाटेत येत नाही. तथापि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत अशा वृद्धांना राज्याभिषेकाची जागा डोळ्यांनी पाहता येते ती याच सोयीमुळे, हेही तितकेच खरे. एक प्रकार चांगला व दुसरा वाईट असा हा प्रश्न नसून कोणासाठी कोणता, असा हा प्रश्न आहे.

पदभ्रमण

पायी प्रवास महाराष्ट्राला नवा नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर लाखो वारकरी दरवर्षी पायी तोडतात. वारीची शिस्त पाहिली, तर पदभ्रमणाचे बहुतेक सर्व नियम तीत सापडतात. रोजची मजल आधी ठरलेली असते, विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात, प्रत्येकाला आपली दिंडी ठाऊक असते आणि जड सामान वाहनातून पुढे जाते. शाळेच्या किंवा कचेरीच्या तुकडीने गडावर जाताना एवढी शिस्त पाळली, तरी निम्म्या अडचणी टळतील.

पायी जाण्यास किती वेळ लागेल, याचा अंदाज बहुधा चुकतो. कारण आपण अंतर मोजतो, चढ मोजत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये यासाठी एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटरचा चढ असेल, तर सुमारे सव्वादोन तास लागतील. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि थंड हवेचा आहे. सह्याद्रीच्या उन्हात, पाठीवर सामान असताना आणि बरोबर मुले असताना त्यात निम्म्याने भर घालणे शहाणपणाचे ठरते. तुकडीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाइतकाच असतो, हेही विसरता कामा नये.

राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, तर बागलाणातील साल्हेर किल्ला १,५६७ मीटर उंच आहे. असे चढ ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सुखाचे होतात. एप्रिल-मेमध्ये खडक तापतात आणि टाक्यांतील पाणी आटते. पावसाळ्यात वाट निसरडी होते, धुके उतरले की ती दिसेनाशी होते. त्यामुळे पहाटे निघावे, पाणी बरोबर घ्यावे, कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात म्हणून धूर करू नये व उग्र अत्तरे लावू नयेत. पायथ्याच्या गावातील वाटाड्या घ्यावा आणि किती जण वर जात आहेत व केव्हा परतणार आहेत, हे गावात सांगून जावे. वाटाड्याची मजुरी वाचवून वाट चुकलेल्या तुकडीला रात्री शोधावयास अखेर त्याच गावातील माणसे बत्त्या घेऊन निघतात.

पदभ्रमणाचा खर्च थोडा आणि त्यातून होणारी ओळख सर्वांत गाढ. झाडे, दगड, शेते, पाण्याच्या टाक्यांची रचना, गावकऱ्यांची बोली हे सारे चालण्याच्या वेगालाच दिसते. मर्यादा एवढीच की दिवसभरात एकच ठिकाण पाहून होते आणि शरीराची तयारी नसणाऱ्याला ते झेपत नाही.

जलप्रवास

जहाजाची सहल म्हटली, की आज डोळ्यांसमोर येते ते तरंगते हॉटेल. पण कोकणच्या माणसाला बोटीचा प्रवास फार जुना आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याला जात असे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. रस्ते झाले, एसटी वाढली आणि ती वाहतूक मागे पडली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर पर्यटकांसाठी जहाज सुरू झाले. ते पुढे बंद पडले. २०२१ पासून मुंबईहून मोठ्या पर्यटन जहाजांच्या सहली पुन्हा निघू लागल्या.

अशा सहलीचा मोठा गुण म्हणजे सामान एकदाच उघडावे लागते. निवास, जेवण व प्रवास एकाच ठिकाणी होतो. रोज नवी खोली शोधावी लागत नाही. वयस्क मंडळींना, किंवा ज्यांना खरोखर केवळ विश्रांती हवी आहे त्यांना, ही सोय मोलाची वाटते. परंतु तिकीट घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भाड्यात काय समाविष्ट आहे व कशाचे पैसे निराळे पडतील? जहाज बंदरात किती तास थांबेल? खोली समुद्राच्या बाजूची आहे की आतली? कित्येक सहलींत प्रत्यक्ष जमिनीवर मिळणारा वेळ काही तासांचाच असतो. समुद्रावर जाण्याचा आनंद हाच हेतू असेल, तर त्यात वावगे काही नाही; कोकण पाहण्याचा हेतू असेल, तर मात्र निराशा पदरी येईल. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आधी घ्यावे. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग थोडा होतो.

मोठ्या जहाजाखेरीज छोट्या जलप्रवासाची सोय अधिक लोकांच्या आवाक्यातील आहे. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारींसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून काही मिनिटांत सिंधुदुर्गाच्या महाद्वाराशी उतरता येते. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या या किल्ल्यात, चारही बाजूंना खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. हा चमत्कार पाहण्यास जहाजाच्या तिकिटाची आवश्यकता नाही.

पाण्यावर जाणाऱ्याने भरती-ओहोटी समजून घेतली पाहिजे. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक परंपरागत हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चंद्रोदय रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकतो म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते व ओहोटीही दूरवर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही व फार ओसरतही नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरती आली, की त्याच वाटेवर होडी चालते. ही वेळ ज्याने विचारून घेतली नाही तो एक तर काठावर ताटकळतो, किंवा किल्ल्यात अडकतो. हा हिशेब अंदाजासाठी आहे; प्रत्यक्ष निघताना बंदराचे वेळापत्रक पाहावे आणि स्थानिक कोळी बांधवांचा शब्द अखेरचा मानावा.

पाण्याचा अनादर महाग पडतो. १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघातात पंधरा जणांचे प्राण गेले. या तिन्ही घटनांची कारणे एक नाहीत. त्यांतून निघणारे नियम मात्र साधे आहेत. पावसाळ्यात खुल्या समुद्रात सहल नको. होडीत पाय ठेवताच जीवरक्षक जाकीट अंगात असावे, ते बाकाखाली ठेवलेले असून भागत नाही. होडीची परवानगी किती उतारूंची आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांना समुद्रात उतरू देऊ नये, मग पाणी कितीही शांत दिसो.

मोटारप्रवास

रस्त्याच्या प्रवासाचा गुण म्हणजे स्वातंत्र्य. वाटेत थांबता येते, बेत बदलता येतो, लहान मूल व वृद्ध माणूस एकत्र नेता येतात. थोड्या दिवसांत पुष्कळ ठिकाणे पाहता येतात, आणि हाच त्याचा दोषही ठरतो. तीन दिवसांत अकरा ठिकाणे ‘करून’ आलेल्या कुटुंबाला अखेरीस आठवतात ती वळणे, वाहनांच्या रांगा आणि चहाचे ठेले. घाटातील व किनाऱ्यावरील रस्त्यांवर दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक मजल ठेवू नये, म्हणजे उतरून पाहावयास वेळ उरतो.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाने जाणाऱ्याला कोकणची खरी घडण कळते. दर काही मैलांवर एक खाडी आडवी येते. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडले, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी मोटारीसह माणसांना पलीकडे नेत आल्या आहेत. लांबचा वळसा त्यामुळे वाचतो आणि रस्त्याच्या प्रवासातच जलप्रवासाचा थोडा आस्वाद मिळतो. महामार्गाने लवकर पोहोचता येते, या मार्गाने पाहत पाहत जाता येते.

स्वतःची मोटार असेल तरच असा प्रवास होतो, ही समजूत चुकीची आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावू लागलेली एसटी आज गावोगाव पोहोचली आहे. ठरावीक दिवसांच्या पासावर हवे तेथे फिरू देणारी ‘आवडेल तेथे प्रवास’ ही तिची योजना १९८८ पासूनची आहे. मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात निम्मी सवलत मिळते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची सोय आहे. गडाच्या पायथ्याशी जाणाऱ्या तुकडीने मुक्कामाच्या एसटीची वेळ लक्षात ठेवावी. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तेथेच राहते आणि पहाटे निघते. जणू चढाईच्या वेळापत्रकासाठीच ती आखली आहे.

मोटार चालविणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. रात्रीचा प्रवास टाळावा. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते तापून निकामी होतात. पावसाळ्यात दरडी कोसळून घाटरस्ते बंद होतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

निवड कशी करावी?

निवडीपूर्वी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. बरोबर कोण आहे? हाताशी किती दिवस आहेत? ऋतू कोणता आहे? आणि सहलीचा हेतू कोणता : विश्रांती, दर्शन की अभ्यास?

सातवी-आठवीच्या वर्गाची शैक्षणिक सहल असेल, तर हेतू अभ्यास हा असतो. अशा वेळी एसटीने पायथ्यापर्यंत जाऊन शिवनेरी किंवा लोहगडासारखा एकच गड दिवसाउजेडी पायी पाहावा. एका दिवसात चार स्थळे दाखविण्याच्या नादात मुले दिवसभर बसमध्ये झोपतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. निवृत्तीकडे झुकलेल्या जोडप्याला विश्रांती हवी असेल, तर जहाजाची दोन-तीन दिवसांची सहल किंवा मालवणसारख्या एकाच गावी मुक्काम करून होडीची छोटी फेरी बरी. रजा प्रवास सवलतीतून ‘महाराष्ट्र दर्शन’ घेणाऱ्या आणि आजी-आजोबा व मुले बरोबर असणाऱ्या कर्मचाऱ्याला मोटारप्रवास सोयीचा. मात्र त्यानेही मुक्कामाची गावे कमी ठेवून प्रत्येक ठिकाणी दोन रात्री काढाव्यात. तरुण मंडळाला साल्हेर-राजगड मोकळे आहेत; तेथे त्यांच्याजवळ पाण्याची बाटली आणि वाटाड्या या दोन वस्तू असल्या, म्हणजे पुरे.

गावाच्या बाजूने

आतापर्यंतचा विचार प्रवाशाच्या बाजूचा झाला. पंचायत सदस्यांना त्याच प्रश्नाची दुसरी बाजू रोज दिसते. मोठ्या जहाजावरील प्रवाशाचा निवास-भोजनाचा खर्च जहाजावरच होतो. मोटारीने येऊन तासाभरात परतणारा प्रवासी बहुधा डबा घरून आणतो आणि रिकाम्या बाटल्या गावात ठेवून जातो. पायी येणारा मनुष्य रात्री मुक्काम करतो, पिठले-भाकरी खातो, ताक पितो, वाटाड्या घेतो. संख्येने थोडा असला, तरी त्याचा रुपया गावातच फिरतो. म्हणून किती मोटारी आल्या यावर समाधान न मानता किती माणसे मुक्कामाला राहिली, हे पंचायतीने पाहावयास हवे.

एक तासाचा प्रवासी एक रात्रीचा पाहुणा व्हावा, यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, गावाबाहेर वाहनतळ, वाटाड्यांची व जेवण देणाऱ्या घरांची दर्शनी फळ्यावर लावलेली यादी आणि ठरलेले दर एवढ्याने सुरुवात होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांचा आधार घरमालकांना व शेतकऱ्यांना घेता येतो. बचत गटातील महिलांनी जेवणाचे काम पत्करले, तर हंगामापुरता का होईना, रोजगार घराशी येतो. किनाऱ्यावरील पंचायतीने भरती-ओहोटीच्या वेळा आणि धोक्याच्या जागा दाखविणारा फलक लावला, तर त्या फलकाचा खर्च एका वाचलेल्या जिवाने भरून निघेल.

तिन्ही प्रकार एकमेकांचे शत्रू नाहीत. चांगली सहल पुष्कळदा तिहींच्या मिळणीतून घडते. एसटीने मालवण गाठावे, होडीने सिंधुदुर्ग पाहावा आणि संध्याकाळी गावातून पायी हिंडावे. रस्ता गावापर्यंत पोहोचवितो, पाणी बेटापर्यंत नेते. त्यापुढचे पाहणे पायांवरच सोपवावे लागते. येत्या सुटीचा बेत आखताना शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी नकाशाबरोबर पंचांगही उघडावे, बरोबरीच्या मंडळींची वये कागदावर लिहावीत आणि मगच गाडीला फोन करावा.